प्रतीक्षेतील रुग्ण आणि बाजाराची पत

भुसार मालाच्या व्यापाऱ्याने संघाच्या स्मरणिकेत तूर-हरभऱ्याची आवक, बाजार समितीचा सेस किंवा वाहतुकीच्या अडचणी यांविषयी लिहावे, अशीच सभासद बंधु-भगिनींची अपेक्षा असणार. या वर्षी मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने आम्ही एका निराळ्या विषयास हात घालीत आहोत. आपल्यापैकी ज्या घरांत मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय निकामी झालेला रुग्ण आहे आणि दुसऱ्याच्या अवयवाची वाट पाहण्यात ज्या घरांचे महिने, कित्येकदा वर्षे जात आहेत, त्या घरांशी आपण व्यापारी मंडळींनी कसे वागावे, हा तो विषय होय. विषय वैद्यकाचा आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मुदत, पत, वायदा आणि वसुली या गोष्टी पेढीवर बसून आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. आणि या रुग्णांच्या हालांपैकी मोठा भाग दवाखान्यात नसून पेठेत आहे, असे आमचे मत बनले आहे.

प्रत्यारोपण ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविण्यात आले, तेथून या विद्येचा खरा आरंभ मानतात. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९९४ साली दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयाचे केले, आणि त्याच वर्षी संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत केला. २०१३ साली देशभरात सर्व अवयवांची मिळून ५,००० च्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती १८,००० च्या वर गेली. मूत्रपिंडापुरते बोलावयाचे तर आम्हा बेळगावकरांस आता गाव सोडण्याचेही कारण नाही, के. एल. ई. च्या रुग्णालयात ते काम होते. तथापि या १८,००० पैकी बहुतेकांस अवयव मिळाला तो जिवंत नातलगाकडून. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या एका वर्षात १,००० च्या पुढे गेली ती २०२३ साली प्रथमच. एवढ्या अफाट देशात दहा लाख लोकांमागे एकही दाता नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे ४० च्या वर आहे. तेव्हा ज्या घरात देण्याजोगा नातलग नाही, किंवा असून त्याचे रक्त जुळत नाही, त्या घराने सरकारी यादीत नाव घालावयाचे आणि फोनकडे कान लावून बसावयाचे. कर्नाटकात ही यादी ‘जीवसार्थकते’ या सरकारी संस्थेकडे असते.

या यादीविषयी आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. बँकेच्या खिडकीपाशी जशी रांग असते तशी ही रांग नव्हे. दाता ज्या रक्तगटाचा असेल त्याप्रमाणे निवड होते. यकृताच्या बाबतीत ज्याची प्रकृती अधिक बिघडलेली त्यास अगोदर बोलावणे येते. मूत्रपिंडासाठी डायलिसिसवर किती काळ काढला, वय काय, हातापायांच्या शिरा किती शाबूत आहेत, अशा गोष्टींस गुण दिलेले असतात. ओ रक्तगटाच्या रुग्णास ओ रक्तगटाचाच अवयव चालतो, म्हणून त्याची वाट अधिक लांबते. हे ठाऊक नसल्यामुळे भेटीस गेलेले गृहस्थ सहज बोलून जातात, “अमक्याने तुमच्यानंतर नाव घातले होते, त्याला मिळालेसुद्धा, तुम्ही कोणास भेटलात की नाही?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेल, परंतु त्या रात्री त्या घरात कोणास झोप लागत नाही. रुग्णाची पत्नी मुलास म्हणते, तू कोणा मंत्र्यास भेट. मुलगा म्हणतो, भेटून उपयोग नाही. आणि पाहुणा जाऊन आठ दिवस झाले तरी घरात तोच वाद चाललेला असतो. आमचे सभासदांना सांगणे आहे की, हा प्रश्न पुन्हा कोणत्याही घरी विचारू नये.

बोलावणे आले म्हणजे काम झाले, असेही नाही. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय चार ते सहा तासांत, यकृत सुमारे बारा तासांत आणि मूत्रपिंड साधारण दिवसाभरात दुसऱ्याच्या शरीरात बसवावे लागते. म्हणून रुग्णालय एका अवयवासाठी एकाहून अधिक रुग्णांस बोलावून घेते. रक्ताची शेवटची चाचणी जुळली नाही, किंवा ऐन वेळी पहिल्या रुग्णास ताप भरला, तर दुसरा हाताशी असावा हा त्यातील हेतू. परिणामी मध्यरात्री देवापुढे दिवा लावून, शेजाऱ्यांची गाडी काढून निघालेले कुटुंब दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या हाताने परत येते. असे दोनदा, तीनदा घडलेली घरे आहेत. त्या परतीच्या दिवशी घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी त्या दिवशी काही न विचारता भाजी-भाकरीचा डबा नेऊन ठेवावा, एवढे जरी आपल्या लोकांनी केले तरी पुष्कळ झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक खेपेस चार तास यंत्राला जोडलेला असतो. जाण्या-येण्याचा वेळ आणि नंतरचा थकवा धरला तर आठवड्यातील तीन दिवस त्याच्या हातून गेले. वर्षाचा हिशेब केला तर दीडशेहून अधिक खेपा होतात. गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसची योजना केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केली, ती चांगलीच आहे. श्रीमंतास त्याची पर्वा नाही. हाल होतात ते मधल्या व्यापाऱ्याचे. त्याच्याकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड नसते, आणि वर्षानुवर्षे खर्च सोसावा एवढी शिल्लकही नसते. त्याचे सारे भांडवल मालात आणि उधारीत गुंतलेले असते. किंबहुना त्याचे खरे भांडवल पैसा नव्हेच, ती त्याची पत असते. आणि आजाराची बातमी पेठेत पोहोचताच पहिला घाव बसतो तो या पतीवर.

आमच्या पेठेतील एका तांदळाच्या व्यापाऱ्याची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखावयाचे ते ओळखतील. वीस-बावीस वर्षांचा व्यवहार, एका पैशाचाही वायदा चुकलेला नाही. त्यांस मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा विकार जडला आणि डायलिसिस सुरू झाले. बातमी पसरल्यावर एका आठवड्यात चार पेढ्यांनी त्यांची तीस दिवसांची मुदत बंद करून रोखीची मागणी केली. कोणी भांडले नाही, कोणी वाईट शब्द बोलले नाही. एकाने तर दिवाणजीबरोबर प्रसादाचा पुडा पाठवून त्याच दिवाणजीकरवी बाकी मागविली. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी गोदामातील माल मिळेल त्या भावाने काढला. ज्यांच्याकडे त्यांचे येणे होते त्यांनी मात्र हात आखडता घेतला. आता हे वसुलीस फिरू शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे देणे तातडीचे झाले आणि येणे लांबले. सात-आठ महिन्यांत पेढीची पाटी उतरली. पुढे यादीतून त्यांना मूत्रपिंड मिळाले, शस्त्रक्रिया चांगली झाली, आज ते हिंडते-फिरते आहेत आणि दुसऱ्याच्या दुकानी हिशेब लिहितात. लोक म्हणतात, आजाराने त्यांचा धंदा बुडाला. आम्ही त्यांच्या वह्या पाहिल्या आहेत. दवाखान्याचा खर्च त्यांच्या भावाने आणि मेहुण्याने उचलला होता. धंदा बुडाला तो बाजाराने मुदत काढून घेतल्यामुळे.

यावर आमचे काही व्यवसायबंधू म्हणतील की, धंदा निराळा आणि दया निराळी; आजारी माणसास उधार देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. सावधगिरी हा व्यापाऱ्याचा धर्म आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सावधगिरीच्या नावाने आपण करतो काय, तेही पाहावे. मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर मंडप घालणाऱ्यास आपण उधार देतो. वायद्याच्या सौद्यात रात्रीतून लाखाचे वीस हजार करणाऱ्यास देतो, कारण तो धडधाकट दिसतो आणि मोठ्याने बोलतो. आणि वीस वर्षे दिवसाच्या दिवशी रक्कम पोहोचविणारा माणूस हाताला पट्टी बांधून दुकानी बसला की आपला हात थांबतो. डायलिसिसवरील मनुष्य म्हणजे मरणाच्या दारी बसलेला मनुष्य, ही समजूत जुनी आहे. नियमाने उपचार घेणारे रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करतात, आणि प्रत्यारोपण झाल्यावर तर पुष्कळसे पूर्ववत् होतात. त्यांची मुदत काढून घेण्यात व्यापारी हिशेबसुद्धा नीट केलेला नसतो; ती नुसती भीती असते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. संघाच्या सभासदास डायलिसिस सुरू झाले, किंवा अवयवाच्या यादीत त्याचे नाव लागले, आणि त्याने स्वतः संघास तसे कळविले, तर त्याच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी उधारीइतक्या रकमेस संघाने जामीन राहावे. पेढ्यांनी मुदत पूर्वीइतकीच चालू ठेवावी. बुडीत निघालीच तर ती जामीन राहणाऱ्या सभासदांनी आपापल्या उलाढालीच्या प्रमाणात सोसावी. एखाद्या पोत्यामागे काही पैसे वेगळे काढले तरी हा निधी उभा राहू शकेल. पूर्वी आपल्या पेठांतून अशाच बारीक लागांवर पांजरपोळ आणि धर्मशाळा चालत असत. शिवाय त्या सभासदाचे जे येणे असेल त्याच्या वसुलीसाठी दर पंधरवड्यास संघातर्फे दोन वजनदार माणसांनी जावे. आजारी माणसाचे पैसे दाबून ठेवणाऱ्याच्या दारी संघाचे दोन पदाधिकारी उभे राहिले, तर आमच्या अनुभवाप्रमाणे तिसऱ्या खेपेची गरज पडत नाही. हा दानधर्म नव्हे, हे आम्ही स्पष्ट करू इच्छितो. आज संघ नेत्रशिबिरे भरवितो, रुग्णांस फळे वाटतो, समारंभात धनादेश देतो व त्याचे छायाचित्र या स्मरणिकेत येते. ते चालू राहो. परंतु एकदा दिलेल्या धनादेशाने दोन वर्षांची प्रतीक्षा निभत नाही, आणि मानी व्यापारी तो घेण्यास पुढेही येत नाही. त्याला धनादेश नको असतो. कालपर्यंत ज्या तीस दिवसांवर त्याचे दुकान चालत होते, ते तीस दिवस त्याला हवे असतात.

दुकान उघडे राहणे हा याचाच दुसरा भाग. आठवड्यातील तीन दिवस मालक नाही, मुलगा शिकतो आहे, अशा दुकानी शेजारच्या पेढीवरील अनुभवी दिवाणजीने दोन तास जाऊन बसावे, पावत्या पाहाव्यात, बँकेचे काम करावे. त्याच्या गिऱ्हाइकास आपल्याकडे वळवू नये, हे सांगावे लागते याचा खेद वाटतो, परंतु सांगणे भाग आहे. भुसार व्यापाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून जी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यांनी रोगप्रतिकाराची शक्ती कमी होते. धान्याच्या गोदामातील धूळ आणि बुरशी अशा माणसाच्या फुप्फुसांस घातक ठरू शकते. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी आपला हा बंधू बरेच महिने गोदामात पाऊल टाकू शकत नाही. डायलिसिससाठी हाताच्या ज्या शिरेची जोडणी करतात, त्या हाताने ओझेही उचलावयाचे नसते. पोती मोजणारा, नमुना पाहणारा भरवशाचा माणूस त्याला लागणारच. आणि त्या घरातील कर्त्या पुरुषास आमचे सांगणे की, उधारी डोक्यात ठेवण्याची आपली जुनी सवय आता सोडावी. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे हे सारे खतावणीत उतरवून ती पत्नीस समजावून द्यावी, आणि बँकेतील सहीचा अधिकार वेळीच तिला किंवा मुलास द्यावा.

भेटीगाठींविषयी थोडे लिहितो. आजाऱ्यास पाहावयास जाताना शहाळे आणि केळी न्यावयाची, ही आपली रीत. मूत्रपिंडाच्या रुग्णास या दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. त्यांत पोटॅशियम पुष्कळ असते, निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढले तर हृदय बंद पडू शकते. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ मिळते त्यातही पोटॅशियमच घातलेले असते. आमचे काही किराणा व्यापारी ते आरोग्यदायी म्हणून आग्रहाने देतात, त्यांनी गिऱ्हाइकाची प्रकृती विचारून मग द्यावे. पाणी, ताक, सार यांवर रुग्णास मोजमाप असते. दोन खेपांच्या मध्ये वजन किती वाढले हे दवाखान्यात तराजूवर पाहतात. “एक घोट घ्या हो, काही होत नाही” असा आग्रह करणे हे प्रेम नव्हे.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. नवा अवयव मिळालेल्या रुग्णास काही औषधे बारा-बारा तासांनी, ठरल्या घटकेस घ्यावी लागतात. सकाळी आठ तर रात्रीही आठ. त्यात पर्युषण नाही, दशलक्षण नाही, चौविहार नाही. मात्रा चुकली तर ज्या अवयवासाठी वर्षे वाट पाहिली तो हातचा जाऊ शकतो. डायलिसिसची संध्याकाळची पाळी मिळालेल्या रुग्णासही सूर्यास्तानंतर चार घास खावे लागतात. अशा घरी वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळाला आठी घालू नये. आजाऱ्याची सेवा हेही आपल्याकडे तपच मानले आहे. जन्मभर चौविहार पाळलेल्या माणसास रात्री पाण्याबरोबर गोळी घेताना काय यातना होतात, हे त्याचे त्यालाच ठाऊक. त्यात आपण भर घालण्याचे प्रयोजन नाही.

आता स्त्रियांविषयी. हा भाग काहींना कडू लागेल. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि ६,९४५ स्त्रियांची. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियांची संख्या अधिक. यात पुरुषांस रोग अधिक होतो असे थोडेफार कारण कोणी सांगेल. परंतु एवढ्या मोठ्या तफावतीचे कारण आपल्याला आपल्याच घरात सापडेल. नवऱ्यास गरज पडली की बायको पुढे होते, आणि ती पुढे होणार हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. बायकोस गरज पडली की “पाहू, यादीत नाव घालून ठेवू” असे म्हटले जाते, आणि कित्येकदा तेही होत नाही. २०२५ साली राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने स्त्री-रुग्णांस अवयववाटपात झुकते माप द्यावे असे राज्यांस कळविले, यावरून ही गोष्ट किती थरास गेली आहे ते दिसते. आमचे मत असे की, घरातील कोणाही स्त्रीस, मग ती पत्नी असो, बहीण असो वा सून असो, अवयव देण्याविषयी बैठक भरवून, चारचौघांत विचारू नये. डॉक्टर दात्यास एकांतात विचारतात, ते याच कारणासाठी. तिने नाही म्हटले तर ते कारण घराबाहेर जाऊ नये, आणि घरातही पुन्हा काढू नये. तिने दिले, तर तिची शस्त्रक्रियाही तेवढीच खरी असते, हे विसरू नये. आम्ही पाहतो ते असे: रुग्ण पलंगावर, भेटीस आलेल्यांची रीघ लागलेली, आणि जिने मूत्रपिंड दिले ती पोटाला टाके असताना स्वयंपाकघरात चहा टाकीत उभी. संघाच्या महिला मंडळास आमची विनंती आहे की, अशा घरी निदान सहा आठवडे स्वयंपाकाची बाई किंवा डबा, यांपैकी काहीतरी नेमाने पोहोचवावे.

याच संदर्भात आपल्या नोकरमंडळींचा विचार करावा. केंद्र सरकारने २०२३ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असा नियम केला की, जो अवयव देईल त्यास ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळावी. आपल्या पेढीवरील दिवाणजी, गुमास्ते, गाडीवान यांना असा नियम नाही. हमाल तर दिवसाच्या मजुरीवर. भावास मूत्रपिंड देऊ इच्छिणारा हमाल पहिला प्रश्न विचारतो तो शस्त्रक्रियेच्या धोक्याचा नव्हे. इतके दिवस घरी काय शिजेल, हा त्याचा प्रश्न असतो. पुढेही त्याने केव्हा आणि किती वजन उचलावे हे डॉक्टर सांगतील, आणि तोवर त्यास तागडीपाशी किंवा दुकानात हलके काम देणे आपल्या हाती आहे. सरकारने केले तेवढे आपण पेठेतील पेढ्यांनी ठराव करून करावे. ४२ दिवसांचा पगार कोणत्याही पेढीस जड नाही.

यकृत किंवा हृदयाच्या रुग्णांस बहुधा बंगळूर गाठावे लागते. बेळगावाहून ते सुमारे ५०० किलोमीटर. रात्री बोलावणे आले तर वेळेत पोहोचणे अवघड. म्हणून कुटुंबास महिनोन् महिने तेथेच खोली घेऊन राहावे लागते. एक जण रुग्णाजवळ, एक जण दुकानी, मुले आजोळी, असे घराचे तीन तुकडे होतात. बंगळुरास आपल्या समाजाच्या धर्मशाळा आहेत. परंतु धर्मशाळेची रीत काही दिवसांच्या मुक्कामाची. प्रतीक्षेतील रुग्णांसाठी तेथे दोन खोल्या दीर्घ मुक्कामास राखून मिळाव्यात, याकरिता संघाने पत्रव्यवहार करावा, भाडे संघाने भरावे. सीमाभागातील आपल्या लोकांस आणखी एक गोष्ट माहीत असावी. २०२३ सालापासून यादीत नाव घालण्यासाठी त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट केंद्राने काढून टाकण्यास सांगितली आहे, आणि ६५ वर्षांवरील रुग्णांसही नाव घालण्याची मोकळीक झाली आहे. तेव्हा ज्याची मुलगी पुण्यास असेल त्याने पुण्यास, ज्याचा भाऊ बंगळुरास असेल त्याने बंगळुरास, जेथे सांभाळणारे माणूस आहे तेथे नाव घालण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

पैशाने अवयव मिळवून देतो असे सांगणारे दलाल अशा घरांच्या वासावर असतात. व्यापारी म्हटला की त्यांची आशा वाढते. देणारा आणि घेणारा, दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर यास पाच ते दहा वर्षे कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. आम्ही प्रत्येक गोष्टीचा भाव करतो, परंतु गरिबाच्या पोटातील मूत्रपिंडाचा भाव करणारा आपल्या संघाचा सभासद राहू नये, एवढेच येथे म्हणतो.

प्रतीक्षा कमी व्हावी असे वाटत असेल तर मृत्यूनंतरच्या दानाविषयी घरात बोलले पाहिजे. संकल्पपत्र भरणे सोपे आहे, हल्ली ते आधार क्रमांकावरून घरबसल्या भरता येते. परंतु मेंदूचा मृत्यू झाल्यावर प्रत्यक्ष निर्णय नातलगांनाच विचारतात, आणि तेथे पत्नी व मुले ‘नाही’ म्हणाली तर संकल्प तसाच राहतो. नेत्रदानात आपल्या समाजाने जी तत्परता दाखविली ती या कामीही दाखविता येईल. दिवाळीच्या वहीपूजनास सारे कुटुंब एकत्र असते. तेव्हा वडीलधाऱ्याने आपली इच्छा सर्वांसमक्ष सांगून टाकावी. आम्ही आमच्या घरी ती सांगितली आहे.

जामिनकीचा, रजेचा आणि बंगळुरातील खोल्यांचा, असे तीन ठराव आम्ही येत्या वार्षिक साधारण सभेपुढे ठेवणार आहोत. उधारीच्या जामिनकीस हिशेबतज्ज्ञांची काही हरकत निघेल, तिचा विचार सभेत व्हावा. रक्कम कमी-जास्त करण्यास आमची ना नाही. मध्यरात्रीच्या बोलावण्यास गाडी देण्यास जे सभासद तयार असतील, त्यांनी आपले नाव, गाडीचा क्रमांक आणि रात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक संघाच्या कचेरीत दिवाणजींकडे द्यावा. ज्या घरी रुग्ण आहे त्यांनीही तेथेच कळवावे. त्या घरांची यादी वेगळ्या वहीत राहील, ती फलकावर लावली जाणार नाही आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेतही छापली जाणार नाही.